मोडीत घातलेला वीर

चूक रत्नाबाईंची नव्हती. त्यांना विचारलं गेलं आणि त्यांनी खरं ते सांगितलं. मुलगी देणाऱ्या माणसांपुढे इतकं खरं बोलायची या घराला सवय नव्हती, एवढंच.

रत्नाबाईंच्या सुदर्शनला सांगून आलेल्या समृद्धीचे मामा घर बघायला आले होते. भगवंतमामा म्हणजे बारीक नजरेचा माणूस. त्यांनी नवा बंगला पाहिला, पाण्याची टाकी पाहिली, सुदर्शनच्या पिकअपचे टायर वाकून पाहिले आणि शेवटी जुन्या घरातल्या देव्हाऱ्यापाशी आले. चांदीचे टाक ओळीनं मांडलेले. मामा एकेकावर बोट ठेवत गेले.

"हा खंडोबा. ही तुकाई. हा भैरोबा. आणि हा घोड्यावरचा, तलवारवाला?"

"त्यो आमचा वीर," रत्नाबाई म्हणाल्या. "घरातलं मानूस लढाईत पडलं की त्याचा टाक बसवायचा, धुळवडीला नाचवायचा. तुमच्याकडं बी असंल की. हे आमच्या वन्संचे मालक. एकाहत्तरच्या लढाईत गेले."

मामांनी डोकं टेकवलं. उठताना विचारलं, "आणि ओट्यावर मघापासून चहात बिस्कीट बुडवत बसलेत, ते कोण?"

"तेच," रत्नाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. मुलगा पसंत आहे, घर पसंत आहे, टायरसुद्धा पसंत आहेत. फक्त ज्या घरात जिवंत माणसाला मेलेल्याचा नैवेद्य दाखवतात, तिथं पोर द्यायची म्हणजे जरा... तर लग्नाच्या आत याची काहीतरी तड लावा. सुदर्शनची पस्तिशी दारात येऊन उभी होती. टोमॅटोला भाव मिळेल पण टोमॅटोवाल्याला बायको मिळणार नाही, अशा दिवसांत समृद्धीनं होकार दिला होता. रत्नाबाईंनी फोन ठेवला आणि देव्हाऱ्यातल्या वीराकडे पाहिलं, जायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्याकडे पाहावं तसं.

वीर बसला कसा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि त्यात विचित्र काही आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. लढाईच्या हिवाळ्यात तार आली: कुशाबा बेपत्ता. रत्नाबाईंचे सासरे, म्हणजे संपतरावांचे वडील, थोरले आबा, तारेचा अर्थ लावण्यात वाकबगार. "सरकार बेपत्ता म्हनतं तवा मानूस गेल्यालाच असतो," ते म्हणाले. "सरकारला समदं उशिरा कळतं." त्यात शिमगा तोंडावर आलेला. शिमग्याआधी वीर बसला नाही तर त्याचा जीव वर्षभर शिवेबाहेर भटकतो, असं जुनी माणसं सांगत. जावई भटकलेला आबांना चालणार नव्हतं. जिवंतपणीही त्यांनी त्याला कधी मळ्याबाहेर फिरू दिलं नव्हतं. घाईघाईनं टाक घडवला, बसवला आणि धुळवडीला मिसरूड फुटलेला संपत तो लाल फडक्यात बांधून, डोक्यावर घेऊन हलगीपुढे नाचत निघाला. मिरवणूक वेशीत पोचली आणि समोर थांबलेल्या एसटीतून काठी टेकत मयत उतरले.

"कुनाचा वीर हाय?" कुशाबांनी विचारलं.

"तुमचाच," कोणीतरी सांगितलं.

आता काय करायचं, असं गुरवाला विचारलं. तो म्हणाला, देव बसवायचा विधी आपल्याला येतो, उठवायचा येत नाही. तेव्हापासून पन्नासेक वर्षं दर अमावास्येला वीराला ताट दाखवायचं आणि मग तेच ताट कुशाबांपुढे सरकवायचं, असं चाललं होतं. दोघांपैकी कोणाचीच तक्रार नव्हती.

होळीच्या दिवशी दुपारी सगळे ओसरीवर जमले, कारण देव परत येणार होते. घरात लग्न निघालं की टाक उजळून आणायचे, म्हणून सुदर्शन ते नारायणगावला सोनाराकडे टाकून आला होता. तळेघरच्या वरच्या अंगाहून कुशाबांचा पुतण्या धर्माजी लग्नाचा तांदूळ घेऊन आला होता. पोतं त्यानं खांद्यावरून उतरवलं खरं, पण ओसरीच्या कडेलाच. या घरात डोंगरातली माणसं कडेलाच बसतात. बसा म्हणून आग्रह होतो, तोही कडेलाच होतो.

वीराचं काय करायचं, यावर चार दिवस खल चालला होता. रत्नाबाईंचं म्हणणं, मीना नदीच्या पाण्यात सोडावा. संपतरावांचं म्हणणं, बघू. त्यांनी आजवर ज्याला ज्याला बघू म्हटलं होतं ते सगळं अजून जागेवर होतं. धर्माजीचं म्हणणं, माणूस आमचा, तर टाक आमच्याकडं द्या. कुशाबा एकच वाक्य बोलले होते: "ऱ्हाऊ द्या की त्याला." आणि त्यांची बायको, संपतरावांची थोरली बहीण धोंडाबाई, काहीच बोलल्या नव्हत्या. त्यांचं गप्प राहणं प्रत्येकानं आपापल्या बाजूनं धरलं होतं.

सुदर्शननं मिठाईचा खोका उघडला आणि एकेक देव पाटावर मांडला.

"भैरोबाचा चेहरा बघा पप्पा, कसला उठलाय."

संपतरावांनी चष्मा चढवला. "वीर कुठाय?"

"तुकाईच्या नथीतला मोती पण दिसायला लागला."

"सुदर्शन, वीर कुठाय?"

सुदर्शननं खिशातून लाल कागदाची पुडी काढली. पुडीतून चांदीचा छोटा गोल करंडा निघाला, कुंकवाचा. झाकणावर मोर.

"ह्यात," तो म्हणाला.

"ह्यात बसवलाय?"

"नाही. हाच तो. आटवून केलाय. वीर मोडीत घातला, समृद्धीसाठी."

सगळे मोरावर वाकले. मोराच्या चेहऱ्यावर लढाईचा काही मागमूस नव्हता.

"आरं, मी नदीत सोड म्हनलं व्हतं!" रत्नाबाई ओरडल्या. "भट्टीत घाल म्हनलं नव्हतं!"

"नदीत सोडला असता तरी कोणीतरी बुडी मारून काढला असता आणि मोडीतच घातला असता, आई. मी मधला माणूस काढून टाकला."

"सोनारानं घेतला कसा? देवाची मोड घेत्यात व्हय?"

"त्यानंही विचारलं. मी म्हटलं, माणूस जिवंत आहे. तर म्हणाला, मग हा देव नाही, नुसती चांदी आहे."

"आमचा मानूस डबीत घातला व्हय रं?" धर्माजी कडेवरून म्हणाला. "आमच्याकडं वर देव्हाऱ्यात दगूड हाईत, शेंदूर लावल्यालं. तुमी हसता. पन दगूड कुनी आटवीत न्हाई, राव."

संपतरावांनी दोन्ही हात वर केले. घरात वाद वाढला की ते असेच हात वर करत. त्यानं वाद थांबत नसे, पण आपण त्यात नाही हे कळत असे. "गप ऱ्हावा समदी. नवा करू. उद्या धुळवड हाय, हलगीवाले दारात येत्याल. सांजच्याला सोनाराकडं जातो आन्..."

"नवा कसा कराल?" रत्नाबाई म्हणाल्या. "वीराचा टाक मानूस मेल्याबिगर बसत न्हाई."

सगळ्यांनी एकदम कुशाबांकडे पाहिलं.

कुशाबांनी बशीतला उरलेला चहा संपवला. "लगीन उरकू द्या आदी," ते म्हणाले.

संपतराव हसले, सुदर्शन हसला, धर्माजीनं नाही नाही म्हणत हसून घेतलं. कुशाबा हसले नाहीत. त्यांनी काठी घेतली, धोतराचा सोगा सावरला आणि ते द्राक्षाच्या मांडवाकडे चालू लागले. त्यांचा डावा पाय नेहमीपेक्षा जास्त ओढला जात होता, पण ते फक्त आतून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघणाऱ्या माणसाला दिसलं.

कुशाबांच्या लढाईची गोष्ट या घरात सगळ्यांना पाठ होती, आणि ती सांगायची पाळी कधी कुशाबांवर येत नसे. बाकीचे जास्त रंगवून सांगत.

मुळात ते लढाईला गेले तेच एका पंगतीमुळे. कांद्याच्या काढणीला डोंगरातून टोळी उतरली होती, त्यात हा पोरगा. आबांनी त्याचं काम पाहिलं, सोयरिकीतला आहे हे विचारून घेतलं आणि घरजावई करून ठेवून घेतला. दोनेक वर्षांनी भावकीतल्या एका लग्नात कुशाबा जेवायला बसले असताना वाढप्याला कोणीतरी म्हणालं, "पावन्याला दुसऱ्यांदा वाढू नगा, ते रोजच हितं जेवत्यात." पंगत हसली. कुशाबा पुढच्या भरतीला पुण्याला जाऊन उभे राहिले. सरकारचं अन्न खायचं ठरवलं, आणि सरकारनं पायदळात घातलं.

पुढची गोष्ट संपतराव सांगत ती अशी, की दाजींनी दुश्मनाचं भातसुद्धा तुडवलं नाही. सुदर्शन लहान असताना आत्याच्या नवऱ्याला विचारायचा, "मामा, तुम्ही लढाईला गेला होता का मजुरीला?"

मांडवाच्या सावलीत बसून कुशाबा ती गोष्ट आता स्वतःला सांगत होते. स्वतःला सांगताना ती फार छोटी व्हायची.

पूर्वेकडचं सपाट रान. जिकडं बघावं तिकडं भात, पिकलेलं, लोंब्या गुडघ्यावर वाकलेल्या. पहाटेचं धुकं. हुकूम झाला, सरळ पुढे. बरोबरची पोरं शिवारात घुसली. ती ज्वारी-उसाची पोरं होती, आणि लढाई म्हणजे लढाई. कुशाबांचा पाय बांधापाशी आला आणि आपोआप बांधावरच वळला. वर, डोंगरातल्या खाचरांत, पिकल्या भातात पाय घातला तर आई फडा घेऊन मागं लागायची. रायफल हातात धरून हा गडी बांधावरनं ताठ चालत निघाला, सगळ्या पलटणीपेक्षा हातभर उंच, पाणी बघायला निघालेल्या मालकासारखा. हवालदार खालून ओरडला, "ए पागल, नीचे उतर!" उतरायच्या आधीच मांडीत गोळी शिरली.

पलटण पुढे गेली. एका म्हाताऱ्यानं आणि त्याच्या बायकोनं त्यांना बांबूच्या शिडीवर घालून घरी नेलं. त्यांची भाषा यांना कळेना, यांची त्यांना. ताप उतरल्यावर अंगणात भाताचे भारे दिसले, तेव्हा कुशाबांनी जखमी पाय लांब करून बसल्या बसल्या झोडायला घेतलं. तिथं बोलायची गरज नव्हती. लढाई संपली हे त्या आडगावात उशिरा कळलं, भात झोडून संपलं ते आधी कळलं. मग लष्कराची गाडी, दवाखाना, घरी टाकलेलं एक पत्र, जे त्यांच्या मागून पोचलं.

एवढंच. वीर म्हणावं असं त्यात काही नाही, हे कुशाबांना पक्कं माहीत होतं.

पण घोड्यावर बसलेला तो चांदीचा माणूस वेगळा होता. वर्षभर ज्यांना सगळं गाव पावणं म्हणायचं, सासरा पावणं म्हणत मेला, सोसायटीचा गडी अजून पावणं म्हणत खत द्यायचा, त्यांच्या पुढून धुळवडीला हलगी वाजत जायची आणि तेच गाव रस्त्यात वाकून पाया पडायचं. कुशाबा गर्दीच्या मागं उभे राहून बघायचे. ह्या घरच्या देवांत बसलेला, ह्या घरचा. या घरात त्यांच्या वाट्याची तेवढीच जागा होती, आणि ती मिळायला त्यांना मरावं लागलं होतं. आता चांदीचा मोर झाला होता.

धर्माजी मागून येऊन शेजारी उकिडवा बसला. "तात्या, वर चला."

"कशाला?"

"चला म्हंजे चला. तुमची खोली तशीच हाय. पत्रं नवं टाकलंय. घोडेगावात गाडी बदलली की सांजच्याला तळेघर. तितनं पुढं चालायचं, पन तुमाला बांधावरनं चालायची सवय हाय."

"तू बी चेष्टा कर."

"चेष्टा न्हाई तात्या. तुमी गेला तवा बी आमचेच व्हता. आमी तार आली म्हनून देव केला न्हाई तुमाला. तुमी याल म्हनून बसून व्हतो."

कुशाबांनी मांडवाच्या पानांतून जुन्या घराकडं पाहिलं. मग ते उठले आणि पिशवी भरायला गेले. चार दिवस जाऊन येतो, असं सांगायचं त्यांनी ठरवलं. शहात्तरीच्या माणसाचे चार दिवस कधी संपतात, हे कोणी विचारत नाही.

इकडे रत्नाबाईंनी सुदर्शनला कोपऱ्यात घेतलं होतं. मुलाला झोडपायचा त्यांचा विचार होता, पण लग्न तोंडावर असलेल्या मुलाला झोडपताना बाईला आवाज खाली ठेवावा लागतो.

"मला न इचारता? आं? देवाला?"

"आई, मी विचारलं."

"कुनाला?"

"मी कोणाच्या सांगण्यावरून केलं, ते सांगायचं नाही असं ठरलंय."

"सुदर्शन."

"आत्यानं सांगितलं," सुदर्शन म्हणाला. "मी वीर वेगळा काढून ठेवायला निघालो होतो. तीच म्हणाली, मोडीत घाल. करंडा कर, हेही तिनंच सांगितलं. मी पैंजण म्हणत होतो."

रत्नाबाई स्वयंपाकघरात गेल्या. धोंडाबाई पुरणपोळी लाटत होत्या. त्यांच्या हातातली पोळी इतकी पातळ व्हायची की पलीकडचं दिसावं. त्यांचं मन मात्र इतक्या वर्षांत रत्नाबाईंना कधी पलीकडून दिसलं नव्हतं.

"वन्सं, ह्यो म्हनतो तुमी सांगितलं."

"मीच सांगितलं."

"का वो? दाजींच्या जिवाला लागलं ते."

धोंडाबाईंनी पोळी तव्यावर टाकली. "तुला म्हाईत न्हाई?"

रत्नाबाईंना माहीत होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून दर धुळवडीला ताट त्यांच्याच हातात असायचं. वीर दारातून निघायच्या आधी त्याची पूजा त्याच्या बायकोनं करायची. आणि वीराची बायको म्हणजे विधवा. म्हणून आळीतल्या म्हाताऱ्यांनी तोडगा काढला होता: पूजेपुरतं पुसायचं. मागल्या पडवीत जाऊन ओल्या फडक्यानं कुंकू पुसायचं, मोकळ्या कपाळानं वीराला पाणी घालायचं, तो हलगीबरोबर लांब गेला की पुन्हा लावायचं. ते फडकं रत्नाबाईंनी पिळून दिलं होतं, इतक्या वेळा की त्यांना ते काम वाटायचं बंद झालं होतं.

"पहिल्यांदा तार आली तवा पुसलं," धोंडाबाई म्हणाल्या. "बांगड्या दगडानं फोडल्या. वीस वर्साची बी नव्हते. मग हे आले. समद्या गावाला आबांनी चहा पाजला. कुंकू परत लाव म्हनून मला कुनी म्हनलं न्हाई गं. त्या गडबडीत कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई. मीच तुळशीपाशी जाऊन लावलं, चोरी केल्यावानी. आन् मग दर साली परत."

पोळी फुगली होती. ती उलटायची रत्नाबाईंना आठवण झाली, त्यांनी उलटली.

"वन्सं, मला म्हनायचं की. मी फडकंच दिलं नसतं."

"तू नवी व्हतीस. मग जुनी झालीस. सांगायचं राहूनच गेलं."

तेवढ्यात दारात कुशाबा उभे राहिले, खांद्याला पिशवी. मागं धर्माजी, त्याच्या मागं संपतराव आणि सुदर्शन. या घरात कोणाचं खासगी बोलणं सुरू झालं की दाराशी गर्दी होतेच.

"धोंडे, धर्माजीसंगं चार दिस वर जाऊन येतो."

"सनाचं?"

"व्हय. हितं माझं काय हाय आता?"

धोंडाबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "मी हाय."

"तसं न्हाई..."

"मग कसं? मोड मी घालायला लावली. भाच्यावर राग धरू नगा."

कुशाबांनी दाराची चौकट धरली. "तू?"

"मी."

"अगं, त्यो एक दिस. वर्साकाठी एक दिस गाव मला ह्या घरचा म्हनायचं..."

"त्याला म्हनायचं. त्या घोडंवाल्याला. तुमी कधी बसला घोड्यावर? लग्नात बी चालतच आला व्हता."

सुदर्शनला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात घातलं.

"त्या दिवशी गर्दीच्या मागं उभं राहून तुमी सवताला बघायचा," धोंडाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त ऐकू येत होता. "आन् म्होरं दारात मी मोकळ्या कपाळानं उभी असायचे. तुमच्यापायी. तुमी जित्ते, बिडी वडीत उभे. एकदा तरी माझ्याकडं बघितलं का?"

"कपाळ मोकळं?" कुशाबांना खरंच कळेना. "कशापाई मोकळं?"

उत्तर रत्नाबाईंनी दिलं. ओल्या फडक्यासकट सगळं सांगितलं, आपला हात कुठं होता तेही. चार दिवसांपूर्वी त्या वीराच्या विरोधात होत्या, मघाशी वीराच्या बाजूनं ओरडल्या होत्या, आता नणंदेच्या शेजारी उभ्या होत्या. एवढ्या बाजू बदलूनही त्यांना आज पहिल्यांदाच बरोबर जागी आल्यासारखं वाटत होतं.

कुशाबा चौकटीपाशीच खाली बसले. पिशवी खांद्यालाच राहिली.

"मला कुनी बोललं न्हाई," ते म्हणाले.

"बोलायचं कुनी? ह्यो नाचत असायचा," धोंडाबाईंनी भावाकडं हात केला.

संपतरावांनी सवयीनं दोन्ही हात वर केले आणि मग, काय वाटलं कोण जाणे, खाली घेतले. "अक्का, मला काय कळत व्हतं? आबांनी टाक डोक्यावर दिला, नाच म्हनले. मी रडत नाचत व्हतो. दाजींनी मला सायकल शिकवली व्हती. वेशीत एसटीतून हे उतरले, तर रडू बी थांबंना आन् नाच बी थांबंना. तवापासनं दर साली नाचलो ते ह्या आनंदात नाचलो, की मेल्यालं मानूस मागं उभं राहून बघतंय. तुझं कपाळ म्हाईत असतं तर..." ते अडखळले. "तर मी बघू म्हनलो असतो. खोटं कशाला बोलू."

धोंडाबाईंच्या तोंडावर जरासं हसू आलं.

धर्माजीनं घसा खाकरला. "तात्या, नारायणगावला जायची जीप फाट्यावर उभी ऱ्हायची न्हाई. येताय का?"

कुशाबांनी पुतण्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. आयुष्यात दुसऱ्यांदा हुकूम सरळ पुढे होता आणि त्यांचे पाय भलतीकडंच वळत होते.

"धोंडे," त्यांनी विचारलं, "मग ह्या घरात मी कोन गं?"

"आत्ता इचारता?" त्या म्हणाल्या. "वर खाचरात असता तर मी तितं आले असते. हितं हाय तर तुमी हितं. लई अवघड करून ठेवलंया तुमी ते."

"उद्या हलगीवाले येत्याल," संपतरावांनी हळूच आठवण दिली. "त्यास्नी काय सांगू?"

"सांग, वीर घरी हाय. पोळी खातोय."

धर्माजीनं चपला काढल्या. जीप जाऊ दिली पाहिजे हे त्याला कळलं, आणि पोळीचा वास त्याला मघापासून येत होताच. या खेपेला तो कडेला बसला नाही. आत जागा होती तिथं, चुलत्याच्या शेजारी बसला.

रत्नाबाई ओसरीवरून करंडा घेऊन आल्या. सुदर्शन म्हणाला, "आई, तो समृद्धीचा..." आणि रत्नाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याला लग्नानंतरच्या आयुष्याची साधारण कल्पना आली.

"नवा करंडा सवाशिणीच्या हातनं उघडल्याला बरा असतो," त्या म्हणाल्या. "भगवंतमामांना सांगेन मी. आता खरंच बोलायचं ठरवलंय तर हे बी सांगते." त्यांनी करंड्यात देव्हाऱ्यातलं कुंकू भरलं आणि तो धोंडाबाईंपुढे धरला.

धोंडाबाईंनी घेतला नाही. त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले आणि पदराच्या टोकानं स्वतःचं कपाळ पुसलं. मग चौकटीपाशी बसलेल्या नवऱ्यापुढे येऊन बसल्या.

"लावा," त्या म्हणाल्या.

"मी?"

"मग काय हवालदाराला बोलावू?"

कुशाबांनी झाकण काढलं. मोर निसटून जमिनीवर घरंगळला, तो सुदर्शननं धरला. कुशाबांचं बोट कुंकवात गेलं ते जरा जास्तच खोल गेलं. बोट कपाळाला टेकलं, घसरलं आणि डाव्या भुवईकडे ओढलं गेलं.

"दाजी," संपतराव म्हणाले, "लढाईत नेम असाच व्हता का?"

"म्हनून तर भात वाचलं," धर्माजी म्हणाला.

हसण्याचा असा बांध फुटला की रत्नाबाईंना डोळे पुसावे लागले. हसत हसतच त्या पदराचं टोक घेऊन कुंकू नीट करायला पुढं वाकल्या.

धोंडाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे वाकडं," त्या म्हणाल्या. "पुसायचं न्हाई."